ग्रीन टीचे चार प्रकार आणि कॅन्सरचा दावा: बेळगावच्या बाजारातल्या मालाची पारख

बेळगावात ग्रीन टी चार रूपांत मिळतो. पिशव्यांचा डबा आणि सुटी पत्ती किराणा दुकानांत नि मॉलमध्ये, माचाची भुकटी (अख्खी हिरवी पत्ती दळून केलेली) बहुतेक ऑनलाइन, आणि अर्काच्या कॅप्सूल औषधाच्या दुकानांत. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे पिशव्या आणि कॅप्सूल हाताशी असतात; चांगली सुटी पत्ती मात्र शोधावी लागते.

वजन उतरवण्यासाठी हा माल आधीपासून खपत होता. आता त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर निघाला, की भेटायला येणारी मंडळी शहाळ्यासोबत ग्रीन टीचा डबाही आणतात, आणि पाठोपाठ मोबाइलवर मजकूर येतो की चहातलं अमुक द्रव्य कॅन्सरच्या पेशी मारतं. म्हणून इथे डब्यांची पारख आहे आणि त्या दाव्याचीही.

निकाल आधीच सांगून टाकतो. चहा म्हणून प्यायचा असेल तर सुटी पत्ती घ्या. पिशव्याही चालतील. माचावर पैसे घालू नका. कॅप्सूल, विशेषतः किमो किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना, घरातच आणू नका. आणि कॅन्सरचं औषध म्हणून या चारांतलं काहीही घेऊ नका. आता कारणं.

चहाचं झाड एकच. पत्ती तोडल्यावर लगेच वाफ देऊन किंवा कढईत भाजून तिच्यातलं एन्झाइम मारलं, की पत्ती हिरवी राहते. न मारता चुरडून हवेवर ठेवली, की ती काळी पडते आणि आपली रोजची चहापूड तयार होते. हिरव्या पत्तीत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. त्यांतलं सगळ्यात मोठं एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे ईजीसीजी. एकूण कॅटेचिनांत निम्म्याच्या आसपास वाटा याचाच. चहापूड बनताना ही द्रव्यं बहुतांशी थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिनमध्ये बदलतात. चहाला तांबडा रंग येतो तो त्यांचाच. त्यामुळे आलं घालून उकळलेला दुधाचा चहा कितीही कडक असला, तरी त्यात ईजीसीजी नावापुरताच उरतो, आणि जो उरतो त्याला दुधातलं केसीन हे प्रथिन धरून बसतं. दुधाचा चहा वाईट आहे असं नाही. फक्त मोबाइलवरच्या मजकुराचा त्याच्याशी संबंध नाही.

मजकुरातलं एक वाक्य खरं आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीसीजी घातलं तर त्यांची वाढ थांबते, बऱ्याच मरतातही. एमसीएफ-७ ही इस्ट्रोजेनवर वाढणारी पेशींची जात आणि एमडीए-एमबी-२३१ ही ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनवर न वाढणारी जात, दोन्हींवर हे पुन्हा पुन्हा दिसलंय. अडचण मात्रेची आहे. असे प्रयोग बहुधा लिटरमागे १० ते १०० मायक्रोमोल (द्रव्याचं प्रमाण मोजायचं एकक) एवढ्या ईजीसीजीत केलेले असतात. माणूस दोन-तीन कप ग्रीन टी प्यायला, तर रक्तातली पातळी १ मायक्रोमोलच्याही खाली राहते. आतडं ते फारसं शोषतच नाही, शोषलेलं यकृत लगेच बदलून टाकतं, आणि उरलंसुरलं काही तासांत निघून जातं. म्हणजे बशीत जे घडलं ते शरीरात घडायला दिवसभर शेकड्याने कप लागतील. तेवढं पाणी पोटात गेलं तर माणूस आधी पाण्यानेच आजारी पडेल.

दुसरी गोम कमी लोकांना माहीत असते. पेशी ज्या द्रावणात वाढवतात तिथे ईजीसीजी टिकत नाही. ते हवेशी संयोग पावतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. काही प्रयोगांत पेशी मेल्या त्या चहाच्या द्रव्याने की या पेरॉक्साइडने, हे वेगळं काढावं लागतं. नेहमी काढलेलं नसतं.

माणसांवर काय दिसलं? १९९८ मध्ये जपानमधून आलेल्या एका अभ्यासाने आशा दाखवली होती. शस्त्रक्रियेआधी भरपूर ग्रीन टी पिणाऱ्या बायकांत पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी होतं. तिसऱ्या टप्प्यात फरक नव्हता. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता, आणि जास्त ग्रीन टी पिणारी बाई इतर बाबतींतही वेगळी असू शकते. पुढे जपानमध्येच मोठ्या लोकसंख्येवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, तेव्हा पिणाऱ्यांत कॅन्सर कमी होतो असं दिसलं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे हा दावा डब्यावर छापू द्यावा असा अर्ज आला होता. ग्रीन टीने स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होण्याची शक्यता अत्यंत कमी, असा त्यांनी २००५ मध्ये निर्वाळा दिला. २०२० मध्ये वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १४२ अभ्यास एकत्र चाळले. त्यांत ११ लाखांहून जास्त माणसं होती. ग्रीन टीने कॅन्सर टळतो असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा त्यातून निघाला नाही.

आता कॅप्सूल. या पारखीत सगळ्यात जास्त शब्द तिच्यावर खर्च करावे लागतात, कारण अपाय तिच्यातच आहे.

बाटलीवरचं लेबल इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतं, त्यामुळे घरातल्या काकू-आजींना ते वाचता येत नाही. वाचून देणाऱ्याने तीन आकडे शोधावेत: अर्क किती मिलिग्रॅम, त्यात पॉलिफेनॉल (कॅटेचिन ज्यात मोडतात तो द्रव्यांचा मोठा गट) किती टक्के, आणि ईजीसीजी किती टक्के. समजा ५०० मिलिग्रॅम अर्क, ९० टक्के पॉलिफेनॉल, ४५ टक्के ईजीसीजी असं लिहिलंय. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये २२५ मिलिग्रॅम ईजीसीजी. दोन ग्रॅम पत्तीच्या एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक कॅप्सूल तीन-चार कपांएवढी. ‘लवकर गुण यावा’ म्हणून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घेतल्या, की आकडा ९०० वर गेला. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइमं वाढतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसते, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काढला. त्यानंतर २०२२ मध्ये तिथे ८०० च्या खाली राहण्याचा नियम आला, आणि ‘रिकाम्या पोटी घेऊ नये’ ही सूचना छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर पॉलिफेनॉलचा मोठा आकडा असतो आणि ईजीसीजीचा नसतोच. अशी बाटली सरळ परत करा. हिशेबच करता येत नसेल तर मात्रा कोण ठरवणार?

रिकाम्या पोटाची सूचना आपल्याकडे तर लाल शाईत छापायला हवी. ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी उपाशीपोटी घेतलं, तर जेवणासोबत घेतल्याच्या तुलनेत रक्तात साडेतीन पटींहून जास्त चढतं, असं मोजलेलं आहे. ऐकायला हे चांगलं वाटतं. यकृताला ते महागात पडतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी करणाऱ्या घरांत ‘उपासाला चहा चालतो’ या न्यायाने कॅप्सूलही चालवली जाते, आणि ती नेमकी सगळ्यात वाईट वेळ.

अमेरिकेतल्या मिनेसोटात या अर्कावर नीट चाचणी झालेली आहे. पाळी गेलेल्या आणि मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) स्तनाची घनता जास्त दिसलेल्या १,०७५ बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी देणारा अर्क दिला, बाकीच्यांना बनावट गोळी, म्हणजे तशीच दिसणारी पण अर्क नसलेली. घनता जास्त असणं हे कॅन्सरच्या जोखमीचं एक लक्षण मानतात, म्हणून मोजायला ती निवडली. वर्षाअखेर एकूण गटात घनता कमी झाली नाही. पन्नाशीच्या अगदी सुरुवातीच्या बायकांत थोडा फरक दिसला, एवढंच. दुसऱ्या बाजूला, अर्क घेणाऱ्यांत शंभरातल्या पाचेक जणींच्या यकृताच्या तपासण्या ठळकपणे बिघडल्या. बनावट गोळीच्या गटात हे प्रमाण एक टक्क्याच्या आत होतं. यकृत कुणाचं बिघडेल हे आधी सांगता येत नाही. त्यात जनुकांचाही हात आहे, आणि ती तपासणी आपल्याकडे या कामासाठी कुणी करत नाही.

उपचार चालू असताना ही गोष्ट आणखी अडचणीची होते. किमोची काही औषधं स्वतःच यकृतावर ताण आणतात. प्रत्येक डोसाआधीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम वाढलेलं दिसलं, की डॉक्टर डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात. दोष औषधाला दिला जातो, आणि कॅप्सूलची बाटली घरी कपाटात बसलेली असते. तिचं नावही फाइलवर नसतं. लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे पडणं, अंगाला खाज, जेवणाची शिसारी, यांतलं काही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून तपासणी करून घ्या.

याच शेल्फवर ‘स्लिमिंग’ आणि ‘डिटॉक्स’ नावाने मिळणारी पाकिटं आणखी वाईट. काहींत सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध. किमोने आधीच पोट हलकं झालेल्या बाईला ते दिलं तर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही जातं. काहींत ग्रीन टीच्या अर्कासोबत गार्सिनिया घातलेला असतो. कारवारकडे ज्याला उप्पागे म्हणतात तेच फळ. स्वयंपाकात आंबटपणासाठी ते ठीक, पण दाट अर्क कॅप्सूलमधून घेतल्याने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. एकाच कॅप्सूलमध्ये दोन यकृतशत्रू कशाला?

हे सगळं वाचून चहातलं द्रव्य कॅन्सरच्या रुग्णाला कधीच उपयोगी पडत नाही असं वाटेल. एका ठिकाणी ते पडलंय, आणि तिथे ते प्यायचं नव्हतं. स्तन काढल्यावर देतात त्या रेडिएशनने, ज्याला आपल्याकडे ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, छातीची कातडी भाजल्यासारखी लाल होते, सोलते. चीनमध्ये १८० बायकांवर झालेल्या चाचणीत लाइट सुरू झाल्यापासून संपल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रोज ईजीसीजीचं द्रावण कातडीवर फवारलं. २०२२ मध्ये निकाल छापून आला: मध्यम किंवा त्याहून जास्त भाजण्याचं प्रमाण द्रावण घेणाऱ्यांत ५०.५ टक्के, साध्या द्रावणात ७२.२ टक्के. हे शक्य झालं, कारण द्रावणात लिटरमागे ६६० मायक्रोमोल ईजीसीजी होतं आणि ते थेट हव्या त्या जागी पडलं. आतडं नाही, यकृत नाही. चहाच्या कॅटेचिनांपासून बनलेलं जे औषध अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झालं, तेही मलमच आहे, आणि ते जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी; कॅन्सरसाठी नव्हे.

इथे घाईने कुणी चहाचा काढा करून छातीला लावेल, म्हणून स्पष्ट सांगतो: नको. घरच्या काढ्यात ईजीसीजी किती ते कळत नाही, ते काही तासांत तपकिरी पडतं, काढा निर्जंतुक नसतो, आणि लाइटने फाटलेली कातडी जंतूंना उघडं दार असते. लाइटच्या खोलीतल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या जागी खोबरेल तेलसुद्धा लावायचं नसतं.

उरला प्यायचा चहा. तो चवीसाठी, साखर-दुधाच्या चहाला पर्याय म्हणून प्यायला काही हरकत नाही. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन स्तनाच्या कॅन्सरची जोखीम वाढवतं, त्यामुळे दिवसाचे चार गोड चहा दोनवर आणायला ग्रीन टीची मदत झाली तर ती खरी मदत. मात्र त्यात दोन चमचे मध किंवा गूळ घातला की हिशेब होता तिथेच.

पिशव्यांचा २५चा डबा दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे कपाला सहा ते आठ रुपये. सुटी पत्ती १०० ग्रॅम याच भावात आली आणि कपाला दोन ग्रॅम धरली, तर ५० कप होतात, म्हणजे निम्म्या खर्चात. पिशवीत बहुधा पत्तीचा चुरा असतो. तो पटकन उतरतो पण लवकर शिळाही होतो. लिंबू-मध, तुळस, आलं अशा चवींच्या पिशव्यांत पत्तीचं प्रमाण घटकांच्या यादीत बघा. यादीत जे आधी लिहिलंय ते जास्त असतं. माचात अख्खी पत्ती दळून पोटात जाते, म्हणून कपामागे ईजीसीजी जास्त, हे खरं. पण वरचा हिशेब वाचल्यावर त्या जादा ईजीसीजीसाठी चौपट-पाचपट पैसे का द्यायचे हे कळत नाही. स्वस्त माचा घेतला तर पिवळट रंगाची, मातकट चवीची भुकटी मिळण्याची शक्यताच जास्त.

सुटी पत्ती घेताना काचेच्या बरणीत, दुकानाच्या तोंडाशी उन्हात ठेवलेली घेऊ नका. तिला वाळक्या गवताचा वास येतो आणि रंग उडालेला असतो. चांगली पत्ती गडद हिरवी, वळलेली, आणि पाण्यात टाकली की उलगडून पानासारखी दिसते. रंग चढवल्याची शंका असेल तर चिमूटभर गार पाण्यात टाका. खऱ्या पत्तीचा रंग सावकाश उतरतो; टाकताक्षणी पाणी हिरवंगार झालं तर काहीतरी गडबड. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख हवी. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात उघडं पाकीट आठवड्यात दमट होतं, म्हणून १०० ग्रॅमपेक्षा मोठं घेऊ नका आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. मसाल्याच्या फळीवर नको, पत्ती वास ओढून घेते. आणि पाकिटावर किंवा जाहिरातीत कॅन्सर बरा होतो असं लिहिलेलं दिसलं, तर माल कितीही चांगला असला तरी विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९५४ च्या जादुई उपचार जाहिरात कायद्यात ज्या रोगांवर असा दावा करायला बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे.

करायची रीत सोपी आहे. पण बहुतेक घरांत ती चुकते, आणि मग ग्रीन टी कडू लागतो अशी तक्रार येते. पत्ती उकळायची नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळतं. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठाऐवजी साधं नळाचं गार पाणी मिसळलं, की थर्मामीटर न लावता ८० अंशांच्या जवळ येतं. एका कपाला १५० मिलिलिटर उकळतं, ५० मिलिलिटर गार, दोन ग्रॅम पत्ती, म्हणजे एक सपाट चमचा. झाकण ठेवून तीन ते चार मिनिटं, मग गाळून घ्या. पिशवी असेल तर दोन-तीन मिनिटं पुरे, आणि ती पिळायची नाही. पिळली की तुरटपणा चहात येतो. पत्ती दुसऱ्यांदा वापरता येते, तेव्हा मिनिटभर जास्त ठेवा.

पाणीही बघा. बोअरचं पाणी जड असेल, पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरत असेल, तर चहा गढूळ होतो, वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि कॅटेचिन कमी उतरतं. अशा घरी फिल्टरचं पाणी वापरा. गाळल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब टाकले तर रंग उजळतो आणि कॅटेचिन जास्त वेळ टिकतं. कप तोंडाला भाजेल इतका गरम पिऊ नका. ६५ अंशांवरच्या पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या संभाव्य कारणांत घातलंय. ग्रीन टीच नव्हे, टपरीवरचा कटिंगही त्यात आला.

औषधांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. चहातली तुरट द्रव्यं अन्नातलं आणि गोळीतलं लोह धरून ठेवतात. किमोत हिमोग्लोबिन घसरलेलं असतं, तेव्हा लोहाची गोळी आणि ग्रीन टी यांत किमान दोन तास ठेवा, आणि जेवणासोबत पिऊ नका. रक्तदाबाचं नॅडोलॉल चालू असेल तर ग्रीन टी बंदच करा. निरोगी माणसांवरच्या अभ्यासात त्याने रक्तातलं औषध ८५ टक्क्यांपर्यंत कमी झालं होतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ठरावीक प्रमाणातच प्या. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरला देतात त्या टॅमॉक्सिफेनबाबत नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात ग्रीन टीने औषधाची पातळी ढळली नाही, म्हणून एक-दोन कपांनी घाबरायचं कारण नाही. बोर्टेझोमिब हे मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कॅन्सरचं औषध आहे, स्तनाच्या कॅन्सरचं नव्हे. पण घरात एका रुग्णासाठी आणलेला डबा दुसराही वापरतो, म्हणून लिहितो: ईजीसीजी या औषधाला बांधून निकामी करतं असं प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलंय.

कोल्हापूर-मिरजेला तपासणीला जाताना थर्मासमध्ये ग्रीन टी भरून नेणारी मंडळी असतात. तीन-चार तासांत तो तपकिरी आणि कडू होतो. त्यापेक्षा थर्मासात नुसतं गरम पाणी न्या आणि पत्ती कागदाच्या पुडीत वेगळी. घरात कॅप्सूल आधीच आलेली असेल, तर बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो काढून फाइलच्या पहिल्या पानाला लावा आणि पुढच्या डोसाआधी रक्त काढायच्या वेळी सिस्टरांना दाखवा.